उलटून न पाहिलेला गुण्या

मी जीवणकाकांना मारलं, हे बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या निदान पन्नास माणसांना माहीत आहे. त्यांतले वीस-एक जण तर तिथे उभेच होते. तेव्हा मारलं, एवढंच सांगून मला थांबता येणार नाही. मला जे सांगायचं आहे ते त्या पन्नासांतल्या कोणाला ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. स्कूटरवरून एकटा जाताना, हेल्मेटच्या आत, स्वतःशीसुद्धा मी ते कधी मोठ्याने बोललेलो नाही.

आज बोलतो. मध्येच अडखळलो तर — अडखळू द्या.

मारण्यापासूनच सुरू करू का? ते सोपं आहे. उजव्या हाताची थप्पड, पूर्ण ताकदीची, त्यांच्या डाव्या कानावर. ते साठीला आलेले, मी बत्तीसचा. ते कडेला कोलमडले, मशीनच्या टेबलाची लोखंडी कड त्यांच्या बरगडीत बसली, आणि ते सावरायच्या आत मी दुसरी मारली. मग तिसरी, मुठीने, तोंडावर. ओठ फाटला. कानातून एक बारीक लाल रेघ निघून मानेवर उतरली, आणि खाकी शर्टाच्या कॉलरपाशी पसरली. हसमुख म्हणून आमचा एक टर्नर होता, त्याने मला मागून मिठी मारून ओढलं. ओढता ओढता मी टेबलावरचा गुण्या उचलला आणि सगळं बळ लावून जमिनीवर आपटला. फरशीवर ठिणगी उडाली.

सकाळचे साडेदहा झाले होते. चहा यायचा होता.

नंतर सगळे म्हणाले, याला राग आला. मीही तेच म्हणालो.

*

आधी काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला गुण्या म्हणजे काय आणि त्याच्यासाठी माणसं रक्तबंबाळ का होतात, हे कळायचं नाही.

नव्वदची वर्षं होती. आयात नुकती खुली झाली होती, आणि परदेशातल्या कारखान्यांनी काढून टाकलेली सीएनसी मशिनं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी, आपल्याकडे यायला लागली होती. आमचे मालक आपटेसाहेब पुण्याचे. दोन वर्षांपूर्वी बडोद्यात येऊन त्यांनी हा कारखाना घेतला होता, आणि असं एक मशीन त्यांनीही मागवलं. मी त्यांच्याकडे तपासणी विभागाचा प्रमुख. प्रमुख म्हणजे मी, एक टेबल, आणि मापाच्या हत्यारांचं एक कपाट. त्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असे, याचा मला फार अभिमान होता.

जीवणकाका आमचे फिटर. जातीने पंचाल, पादऱ्याकडच्या एका गावाचे, तिसऱ्या पिढीचे कारागीर. मी डिप्लोमा करून पहिल्यांदा कामाला लागलो तेव्हा शेजारच्या कारखान्यात त्यांच्याच हाताखाली होतो. पुढे मी त्यांना आपटेसाहेबांकडे आणलं. मशीन बिघडलं की ते एक लाकडी दांडा बेअरिंगवर टेकवायचे, दुसरं टोक डाव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग सांगायचे — हे अजून दोन महिने चालेल, हे आजच बदला. चुकलेले मी पाहिले नाहीत.

मला ते 'भाऊ' म्हणत. बडोद्यात गुजराती माणूस मराठी माणसाला भाऊच म्हणतो, आणि त्यात थोडी चेष्टा असते. "भाऊ, घरे आजे पण वरण-भात?" असं रोज दुपारी डबा उघडताना विचारायचे. मी म्हणायचो, तुमच्या गोड डाळीपेक्षा बरं. रोज तेच, आणि रोज दोघांना हसू यायचं.

तर मशीन आलं. मुंबईहून ट्रकमधून येताना कुठेतरी जबरदस्त हिसका बसलेला असणार, कारण ते गुण्यात राहिलं नव्हतं. म्हणजे असं बघा — मशीनचं टेबल डावी-उजवीकडे सरकतं, आणि पुढे-मागे सरकतं. या दोन चालींमध्ये बरोबर काटकोन लागतो. तो नसेल तर तुम्ही चौकोन कापायला सांगाल आणि मशीन तुम्हाला किंचित कललेला पतंग कापून देईल. डोळ्यांना दिसणार नाही इतका किंचित. जीवणकाकांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम परदेशनी छे, पण कमर वांकी थई गई छे." परदेशी मॅडमची कंबर वाकडी झाली आहे. सगळा कारखाना हसला. तेव्हापासून त्या मशीनचं नाव मॅडम.

काटकोन तपासायचा तो गुण्याने. सुताराकडे असतो तसाच, पण हा कडक पोलादाचा, एक जाड बाजू आणि त्यात काटकोनात बसवलेलं पातं. टेबलावर आडवा ठेवायचा. जाड बाजू डाव्या-उजव्या चालीशी जुळवून घ्यायची, आणि मग टेबल पुढे-मागे चालवून पात्यावरून डायलचं — केसभर फरकही काट्याने दाखवणाऱ्या, घड्याळासारख्या हत्याराचं — टोक फिरवायचं. डायलचा काटा हलला नाही, तर मशीन गुण्यात.

पण गुण्याच चुकीचा असेल तर?

त्यावर उपाय मला जीवणकाकांनीच शिकवला होता, माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. मी नवाकोरा गुण्या घेऊन गेलो तर त्यांनी तो एकदा लावून पाहिला, मग उचलून दुसऱ्या अंगावर उपडा ठेवला आणि परत लावून पाहिला. गुण्या खरा असेल तर दोन्ही वेळा डायल तेच सांगतो. खोटा असेल तर उपडा केल्यावर त्याची चूक उलट्या बाजूला जाते, आणि लगेच पकडला जातो. "गुणिया उपर पण भरोसो नहीं, भाऊ," ते म्हणाले होते. "एने पण उंधो करीने पूछवानुं." त्यालाही उलटा करून विचारायचं.

*

आता मी जिथे येतोय तिथे यायला मला पंचवीस वर्षं लागली.

मशीन यायच्या दीड महिना आधी तो गुण्या माझ्या हातून पडला होता.

आपटेसाहेबांनी तो स्वतः परदेशातून आणलेला होता. स्वेटरमध्ये गुंडाळून, मांडीवर ठेवून. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याची पेटी उघडून दाखवायचे. शनिवारची दुपार होती, मी कपाट आवरत होतो, तेल लागलेल्या बोटांतून निसटला आणि पात्याच्या टोकावर पडला. आवाज फार मोठा झाला नाही. उचलून पाहिला — ओरखडासुद्धा नाही. तेव्हा वाटलं, वाचलो. पण मी शिकलेला होतो ना! आमच्या जुन्या, चांगल्या मिलिंग मशीनवर नेला, लावून पाहिला, उपडा करून पाहिला. मिलीमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले सहा भाग पातं कललं होतं. आमच्या कामात सहा म्हणजे खूप.

जाऊन सांगायला काय हवं होतं? पडला, चुकलो, दुरुस्तीला पाठवू. आपटेसाहेब दोन दिवस बोलले नसते. एवढंच. मी पेटी पुसली, गुण्या मखमलीत ठेवला आणि कुलूप लावलं. कोण वापरतोय, असं मनाशी म्हणालो. शोभेची वस्तू आहे.

आणि मग मॅडम आली, आणि साहेब मोठ्या दिमाखात म्हणाले, या कामाला माझा गुण्या काढा.

मी पेटी घेऊन गेलो. जीवणकाकांनी हात पुसले, गुण्या दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडे धरला. त्यांची सवय मला माहीत होती. ते तो उपडा करून बघणार, मान हलवणार, आणि मी सुटणार — मी आश्चर्य दाखवणार, अरे, हा कसा कलला? खरं सांगतो, मी त्याच आशेवर पेटी दिली होती. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, जोयेलो छे ने?" तपासलेला आहे ना?

साहेब शेजारी उभे होते.

मी म्हणालो, "हो काका. कालच पाहिला. एकदम खरा."

आणि त्यांनी तो उपडा केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा, मला वाटतं. माझ्या शब्दावर.

चार दिवस ते त्या मशीनवर लागले होते. टेबल ज्यावर सरकतं तो वरचा रूळ धरून ठेवणारे बोल्ट थोडे सैल करायचे, तांब्याच्या हातोड्याने एक ठोका — पुन्हा डायल — पुन्हा ठोका. काटा जुळला की बोल्ट आवळायचे, आणि आवळताना रूळ परत केसभर सरकायचा. पुन्हा सैल, पुन्हा ठोका. त्या हातोड्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येई. प्रत्येक ठोक्याला मला माहीत होतं की ते एक वाकडं मशीन दुसऱ्या तऱ्हेने वाकडं करत आहेत, माझ्या सांगण्यावरून, जीव तोडून. मी वही उघडून बसून राहायचो. चौथ्या दिवशी संध्याकाळी काटा पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि हलला नाही. त्यांनी साहेबांना बोलावून दाखवलं. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मीही हात मिळवला.

*

नंदेसरीच्या एका पंपवाल्याचं काम होतं. जाड पोलादी पट्ट्या, चार कोपऱ्यांत चार भोकं, त्यांत पिना ठोकून वरचा भाग बसवायचा. आम्ही पहिला लॉट पाठवला. दहा दिवसांनी त्यांचा माणूस आला, पट्टी त्याने ऑफिसच्या टेबलावर ठेवली नाही, दारातूनच फरशीवर फेकली. तीन पिना बसतात, चौथी बसत नाही. एकाही पट्टीत नाही. त्यांनी तिरके कर्ण मोजले होते आणि दोन्ही कर्ण सारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मॅडमभोवती. आपटेसाहेब लालबुंद. म्हातारपणी नजर गेली असेल तर सांगायचं होतं, असं ते मराठीत म्हणाले, आणि जीवणकाकांना बडोद्यात राहून तेवढं मराठी कळत होतं. त्यांनी टेबल पुसलं, गुण्या लावला, डायल फिरवला. काटा हलला नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा हलला नाही.

मग ते सरळ उभे राहिले आणि विचार करू लागले. मला तो चेहरा ठाऊक होता. बेअरिंग ऐकतानाचा चेहरा. मी घाईघाईने म्हणालो, गुण्याचा प्रश्नच नाही, मी स्वतः तपासलाय.

ते माझ्याकडे वळले. अगदी शांतपणे, नेहमी बोलायचे तसं, म्हणाले —

"भाऊ, तमे खोटा छो. गुणियो उंधो करीने जोइए."

आणि गुण्या उचलायला हात पुढे केला.

आता इथे थांबतो. कारण हे जर तुम्हाला नीट कळलं नाही तर बाकी सगळं फुकट आहे.

गुजरातीत खोटा म्हणजे चुकलेला. गणित खोटं पडतं, रस्ता खोटा निघतो, माणूस खोटा असतो म्हणजे त्याची समजूत चुकलेली असते. तमे खोटा छो — तुमचं चुकतंय. बाजारात भाजीवालीशीही माणूस असं बोलतो, त्यात अपमान नसतो. मराठीत मात्र तुम्ही खोटे आहात म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी बडोद्यातल्याच दांडिया बाजारात जन्मलो. गल्लीत गुजरातीत भांडलो, शाळेत गुजरातीत शिव्या शिकलो. त्या शब्दाचा अर्थ मला तितकाच स्वच्छ कळला जितका तो म्हणणाऱ्याला. पण आपटेसाहेब पुण्याचे होते. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कानाला ते मराठीच ऐकू आलं होतं.

ते पाहिलं आणि — किती वेळ असेल? अर्धा सेकंद? — त्या अर्ध्या सेकंदात मला सगळा रस्ता दिसला.

त्या गुण्याला कोणी उपडा करता कामा नये. तो मोडायला हवा, आत्ता, सगळ्यांसमोर, आणि मोडायला मला कारण हवं. रागावलेला माणूस वस्तू आपटतो. पण नुसता शब्द ऐकून कोणी इतका रागावेल का? तेवढ्याने पटणार नाही. आधी माणसाला मारायला हवं. माणसाला मारल्यावर गुण्या आपटला तर त्याकडे कोण बघतो?

"मला खोटा म्हणतोस?" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकेरीत बोललो. आणि मारलं.

मला राग आलेला नव्हता.

हेच ते. हेच मी कोणाला सांगितलेलं नाही. छाती धडधडत नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती. हात उचलताना मला हसमुख कुठे उभा आहे ते दिसत होतं, तो किती वेळात माझ्यापर्यंत पोचेल याचा अंदाज होता. पहिली थप्पड मारली तेव्हा गुण्या टेबलावर त्यांच्या हाताजवळ होता, म्हणून दुसरी मारली, ते बाजूला व्हावेत म्हणून. पहिल्या दोन कामाच्या होत्या. आणि तिसरी? तिसरीची काही गरज नव्हती. वाट मोकळी झाली होती, गुण्या हाताच्या अंतरावर होता. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात दुखण्यापेक्षा दुसरंच काही होतं. मी मूठ वळली आणि त्या बघण्यावर मारली. माझ्या बोटांच्या हाडांना त्यांचे दात लागले. मला ते बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं.

मग गुण्या आपटला. पातं तिरकं झालं, एक तुकडा उडून मशीनखाली गेला. आता तो कसाही उपडा केला तरी काही सांगू शकत नव्हता.

*

जीवणकाकांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. दवाखान्याचं साहेबांनी पाहिलं. हसमुख काकांना म्हणाला, पोलिसात चला, मी साक्ष देतो. ते नाही म्हणाले. कारखान्यातले गुजराती कामगार आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग त्यांच्यातलाच कोणीतरी म्हणाला, भाऊचं मराठी डोकं, शब्द ऐकला आणि उलटा घेतला, काय करणार. त्यांनी माझ्यासाठी स्वतःच सबब शोधून दिली. मी ती घेतली. माझं गुजराती त्यांनी रोज ऐकलेलं होतं, तरीही.

पुण्याहून दुसरा फिटर आला, स्वतःचा गुण्या घेऊन. त्याने आल्या आल्या तो दोनदा उलटून पाहिला, मशीन तपासलं, सहा शतांश बाहेर आहे म्हणाला आणि दोन दिवसांत लावून दिलं. आपटेसाहेब म्हणाले, बघा, म्हाताऱ्याचंच चुकलं होतं. पंपवाल्याला पत्र पाठवायचं होतं. ते मी लिहिलं. 'फिटरच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द माझे. सही माझी.

जीवणकाका परत आले नाहीत. वसाहतीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? एक कान गेलेला, नजर गेलेला, साहेबाला खोटा म्हणणारा म्हातारा. बारीक कामाला त्यांना नंतर कोणीही बोलावलं नाही.

आणि माझं काय झालं? मी रागीट म्हणून प्रसिद्ध झालो. राग वाईट, पण मनाचा साफ, पोटात काही ठेवत नाही — हे माझ्याबद्दल लोक माझ्यासमोर बोलतात आणि मी खाली मान घालून हसतो. ती युक्ती एकदा चालली म्हणून मी पुन्हा पुन्हा वापरली. कोणी प्रश्नाच्या जवळ आला की आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा. समोरचा प्रश्न विसरतो आणि तुम्हाला शांत करायला लागतो.

माझा मुलगा सातवीत असताना त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी टपालात टाकायला विसरलो आणि टाकला म्हणून सांगितलं. महिन्याने त्याला तो माझ्या स्कूटरच्या डिकीत सापडला. पाकीट हातात धरून तो दारात आला. त्याने तोंड उघडायच्या आत मी त्याला मारलं — डिकीत हात का घातलास म्हणून. गालावर मारलं. कान टाळून. बघा, कान टाळायचं भान होतं. तो पाकीट तिथेच ठेवून आत गेला. आता तो मोठा आहे, दुसऱ्या शहरात असतो, फोनवर हवापाण्याचं बोलतो. मला काही विचारत नाही.

*

सात-आठ वर्षांनी हसमुखकडून कळलं की जीवणकाका पादऱ्याला पुतण्याच्या दुकानात बसतात. शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान. एका रविवारी सकाळी मी गेलो. सांगायलाच गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो, गुजरातीत.

ते बाकावर बसले होते. खूप वाळले होते. मला ओळखलं, उठायला लागले. मी नको म्हटलं, तर शेजारी जागा करून दिली — त्यांच्या उजव्या बाजूला, ऐकू यावं म्हणून. पुतण्याला चहा सांगितला. घरचे कसे आहेत विचारलं. वरण-भाताचं काही बोलले नाहीत.

पुतण्या चहा आणायला गेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊ, ए मशीनमां मारी भूल क्यां हती?" त्या मशीनमध्ये माझी चूक कुठे झाली होती? तक्रारीचा सूर नव्हता. कारागीर कारागिराला विचारतो तसं. म्हणाले, मी रोज ते चार दिवस मनात परत करून बघतो. कुठला बोल्ट आधी आवळला, कुठला नंतर. सापडत नाही. हात चुकला असेल तर कुठे चुकला, तेवढं कळायला हवं.

एका वाक्याचं काम होतं. वाक्य तयार होतं, तोंडात होतं.

मी ते गिळून टाकलं. मग ते माझ्याकडे वळून, अगदी हळू, म्हणाले, "ते दिवसे तमने गुस्सो नहोतो आव्यो, भाऊ. में जोयुं हतुं." त्या दिवशी तुम्हाला राग आला नव्हता. मी पाहिलं होतं.

आणि माझा उजवा हात वर गेला.

मारायला? मला माहीत नाही. मी खरंच शपथेवर सांगू शकत नाही. हात खांद्यापर्यंत वर गेला, आपोआप, कोणी प्रश्नाच्या जवळ आल्यावर जातो तसा. आणि ते सत्तरीचे गृहस्थ बाकावर आक्रसले, डोळे घट्ट मिटले, आणि दोन्ही तळव्यांनी त्यांनी डावा कान झाकला. ज्याने त्यांना काही ऐकूच येत नव्हतं, तो.

मी हात डोक्यावर नेला आणि केसांतून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता. चहा आला. मी उभ्याने प्यायलो आणि निघालो. पुतण्याने विचारलं, कोण होते, तर माझ्या पाठीमागे त्यांचा आवाज आला — जुने साहेब, मोठे माणूस.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. हसमुखने फोन केला. मी गेलो नाही.

त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर असं : त्यांची चूक कुठेही नव्हती. एकही बोल्ट चुकीचा आवळलेला नव्हता. गुण्या मी पाडला होता, मला माहीत होतं, आणि त्यांनी विचारल्यावर मी तो खरा आहे म्हणून सांगितलं होतं.